सांगलीतून रॅप करायचंय: पोरं, पोरी आणि त्यांचे आईबाप विचारतात ते प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस, विटा, पार जतपर्यंतची पोरं माझ्याकडं रेकॉर्डिंगला येतात. गाणं होतं आणि मग बराच वेळ बोलणं चालतं. कामाचं, घरचं, पैशाचं. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. ज्याच्या घरी पैसा आहे आणि पाठीवर हात ठेवणारं कुणीतरी आहे, त्याला यातलं निम्मं लागणार नाही. हे पान बाकीच्यांसाठी आहे.

दादा, सांगलीत राहून रॅपर होता येतं का? का पुण्या-मुंबईलाच जायला पाहिजे?

लिहायला, रेकॉर्ड करायला आणि गाणं लोकांपर्यंत सोडायला कुठंही जायची गरज नाही. शो, ओळखी आणि चांगले बीटमेकर (रॅपखालचं संगीत, म्हणजे बीट, बनवणारे) मात्र तिकडं जास्त आहेत. रात्री महालक्ष्मी धरली की सकाळी मुंबईत उतरता येतं. जा, ऐक, स्टेजवर चढ, चार माणसांना भेट आणि परत ये. कायमचं जायचं असेल तर आधी दहा-बारा पक्की गाणी हातात असू देत. नुसत्या आशेवर पुण्याला गेलेल्या पोरांचा पगार खोलीभाड्यात आणि मेसमध्ये संपतो, आणि ज्यासाठी गेले ते गाणंच मागं पडतं. हे मी जवळनं बघितलंय.

घरची परिस्थिती बेताची आहे. सुरुवात कशानं करू?

फोननं. बँडलॅबसारखं फुकट ॲप घे, तारेचे इअरफोन लाव आणि घरात जिथं आवाज कमी घुमतो तिथं बस. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या समोर, किंवा तीन बाजूंनी वाकळा टांगून. वाकळ आवाज शोषते, पत्रा आणि उघडी भिंत तो परत फेकतात. पत्र्याचं घर असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग रात्रीच्या उघडिपीत करायचं.

पैसे साठले की पहिल्यांदा माईक. इथं सगळे कंडेन्सर माईकच्या मागं लागतात, कारण व्हिडिओत तोच दिसतो. पण कंडेन्सर शेजारच्या घरातला कुकरसुद्धा पकडतो, आणि बहुतेक कंडेन्सरना तारेतनं ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडणारा डबा, वेगळा घ्यावा लागतो. दाटीवाटीच्या गल्लीत राहत असशील तर साधा डायनॅमिक माईक बरा, तो समोरचंच ऐकतो. तोंडापासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (प, फ म्हणताना सुटणारा वारा अडवणारी जाळी), आणि रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. लाल दिवा लागेपर्यंत वाढवू नकोस. फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये शिवता येत नाही.

आणि परिस्थितीचं ओझं घेऊ नकोस. ही कला जिथं सुरू झाली असं मानतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली पार्टी, डीजे कूल हर्कच्या बहिणीनं शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून ठेवली होती. इमारतीचा सामायिक हॉल होता आणि तिकीट काही सेंटचं.

नोकरी सोडून पूर्ण वेळ रॅप करू का?

नको.

एवढंच उत्तर पुरेसं होतं, पण हा प्रश्न विचारणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. कला पूर्ण वेळ मागते हे खरं. पण घरात कर्ज असताना, बहिणीचं शिक्षण चालू असताना पगार थांबला की गाणं लगेच दडपणाखाली येतं. मग पोरं स्वतःला पटत नाही ते लिहायला लागतात. चालणाऱ्या गाण्याची नक्कल होते, कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं होतं, निवडणुकीचं प्रचारगीत होतं. प्रचारगीत करू नये असं माझं म्हणणं नाही. त्याचे पैसे बरे मिळतात आणि काम काम असतं. पण महिन्याला तेच करावं लागलं की स्वतःचा आवाज हरवतो, आणि तो परत सापडायला वर्षं जातात.

माझ्याकडं येणारा एकजण कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. भट्टीजवळ फोन नेता येत नाही, म्हणून तो आठ तास ओळी डोक्यातच घोळवतो, चहाच्या सुट्टीत टाइप करतो आणि रविवारी माझ्याकडं येऊन एका दमात म्हणतो. त्याला कागद लागतच नाही. दुसरा डिलिव्हरीच्या गाडीवर असतो. ऑर्डरची वाट बघत हॉटेलबाहेर उभा असतो तेव्हाच त्याचं लिहून होतं. या दोघांची गाणी माझ्या यादीत सगळ्यात वर आहेत, आणि कारण उघड आहे: भट्टीची धग आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे जिने त्यांना कल्पनेनं आणावे लागत नाहीत.

सोडायची वेळ कधी येते, तर गाण्यातनं सलग वर्षभर घरखर्च निघायला लागला की. त्याआधी नाही.

वडील गेले. त्यांच्यावर लिहायला बसलो की हात थांबतो. लिहू का नको?

थांबला तर थांबू दे. वर्षश्राद्धाच्या आत गाणं आलंच पाहिजे असा काही नियम नाही.

एमएफ डूम या नावानं जगभर मानल्या जाणाऱ्या रॅपरची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. खरं नाव डॅनियल डुमिले, जन्म लंडनमधला १९७१ चा, वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये. धाकट्या भावाबरोबर त्याचा ग्रुप होता. १९९३ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीनं उडवल्यामुळं भाऊ गेला. दुसरा अल्बम तयार होता, पण कंपनीनं तो बाहेर काढायच्या आधीच करार मोडला. ही दोन्ही संकटं त्याच्या बाविशी-तेविशीतली. पुढची काही वर्षं तो दिसलाच नाही, त्या काळात राहायलाही नीट जागा नव्हती. १९९७ च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या छोट्या ओपन माईकना, म्हणजे कुणीही स्टेजवर चढावं अशा कार्यक्रमांना, एक माणूस तोंडावर कापड ओढून म्हणायला लागला, तो हा. नंतर त्यानं धातूचा मुखवटा चढवला. १९९९ मध्ये पहिला स्वतंत्र अल्बम आला आणि त्यानंतर अंडरग्राउंडमध्ये त्याच्याएवढा मान क्वचितच कुणाला मिळाला. दुःख मात्र तिथं संपलं नाही. २०१० मध्ये त्याला अमेरिकेत परत येऊ दिलं नाही, त्यामुळं उरलेलं आयुष्य इंग्लंडमध्ये काढलं, २०१७ मध्ये चौदा वर्षांचा मुलगा गेला, आणि तो स्वतः २०२० मध्ये गेला.

मला यात महत्त्वाची वाटते ती मधली गप्प राहिलेली वर्षं. यशाची गोष्ट सांगताना लोक ती वर्षं गाळून टाकतात. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला कुणी म्हणतं, "दुःखाचं गाणं कर, व्हायरल होईल." अशा माणसापासून लांब राहा.

लिहायला येईल तेव्हा बारीक लिही. "बाप माझा देव होता" ही ओळ कुणाच्याही बापाला लागते. तुझे वडील सायकल कुठल्या दुकानासमोर लावायचे, शर्टाच्या खिशात काय असायचं, पगाराच्या दिवशी काय घेऊन यायचे, हे फक्त तुला माहितीय. गाणं झालं की आधी आईला ऐकव. ती नको म्हणाली तर ते वहीतच राहू दे.

मुलाखत घेणारे आणि रीलवाले आधी "स्ट्रगल स्टोरी" विचारतात. सांगू का?

किती सांगायचं ते तू ठरव, कॅमेरा धरणाऱ्यानं नव्हे. आईच्या आजारपणाचा, दारू पिणाऱ्या भावाचा, फाटक्या घराचा व्हिडिओ एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही, आणि उद्या त्याच भावाला नोकरी शोधायची असते, त्याचं लग्न ठरवायचं असतं. तू गरीब होतास म्हणून कुणी तुझं दुसरं गाणं ऐकत नाही. मुलाखतीत गाण्यावर प्रश्न आलाच नाही तर स्वतःहून गाण्यावर बोल.

महापुरावर गाणं केलंय. सगळेच करतात, वेगळं काय करू?

आपल्याकडं सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटाला गेलं की इशारा आणि पंचेचाळीस फुटाला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ लाही घरं बुडाली. त्यामुळं "कृष्णामाई कोपली" एवढ्यावर इथलं माणूस हलत नाही. पूर ओसरल्यावरचं लिही. भिंतीवरची ओल, चिखलातनं काढलेला फ्रीज, भिजलेली दहावीची मार्कलिस्ट, पंचनाम्याची रांग, सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव नसणं. त्या भागावर मला फार थोडी गाणी भेटली.

आणि २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना न विचारता ते दृश्य गाण्यात किंवा व्हिडिओत घेऊ नकोस.

कुठल्या मराठीत लिहू? गावाकडची भाषा हसण्यावारी नेतात.

आईशी भांडताना जी येते तिच्यात. सांगलीच्या पोरानं पुस्तकी मराठीत रॅप केला की तो भाषण वाटतो, आणि मुंबईची बंबैया ओढून आणली की उसनवारी लगेच कळते. "जमंना", "उतरंना", "कुठं चाललाईस", "लई" यांना जी लय आहे ती बीटवर आपोआप बसते, कारण आपण शब्दाची शेपटी झटक्यात सोडतो. मिरजेतली पोरं दखनी बोलतात, जतकडची निम्मी कानडी. तेही येऊ दे. विट्या-आटपाडीकडची गलाई करणारी कुटुंबं सोन्याच्या कामासाठी देशभर पसरलीत. तिथं वाढलेलं पोरगं चार भाषांत यमक जुळवू शकतं, आणि घरी आल्यावर तेच लपवून ठेवतं. हसतात ते पहिल्या दोन गाण्यांना हसतात.

सोळा बार म्हणजे किती? लिहायचे कसे?

चार ठोक्यांचा एक बार. बीट ९० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची असेल तर एक बार पावणेतीन सेकंदांच्या जरा आत बसतो आणि सोळा बार साधारण ४३ सेकंदांत संपतात. तेवढ्यात एकच गोष्ट सांगता येते. नवखी पोरं त्यात बाप, गाव, शत्रू, देश सगळं भरतात.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं "करतो, मरतो, भरतो" असं फुकटचं यमक मिळतं आणि तिसऱ्या बारला ऐकणारा कंटाळतो. क्रियापद आत ढकल, नाम शेवटी आण. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाच्या पोराला माझ्यासोबत लिहायचं होतं. पहिला खर्डा होता, "बाप माझा कष्ट करतो, पोती पाठीवर धरतो". बसून बोलता बोलता तो म्हणाला की वडिलांच्या अंगाची हळद कधी जातच नाही. मग ओळी अशा झाल्या:

लग्नात एकदा लागली हळद, मग लागत राहिली रोज
धुऊन निघंना बनियन, उतरंना मानंवरचं ओझं

"रोज" आणि "ओझं" कागदावर जुळत नाहीत, कानाला जुळतात. कानाचं ऐकायचं. श्वास कुठं घ्यायचा ते वहीत टिंब देऊन ठेव, नाहीतर स्टेजवर बाराव्या बारला दम जातो.

आमचं पोरगं रात्रभर तोंडातल्या तोंडात बडबडतं. हे असलं परदेशी खूळ आपलं नव्हं. (हा प्रश्न आयांचा आणि वडिलांचा.)

मावशी, काका, तुमची काळजी मला समजते, आणि अभ्यास किंवा काम बुडत असेल तर तुम्ही रागावलंच पाहिजे. पण आपलं नाही असं म्हणू नका. तालावर वेगानं बोलत खरी घटना सांगणं म्हणजे पोवाडा, आणि तो आपल्याकडं शिवरायांच्या काळापासून आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानं तेव्हाच पोवाडा रचला. कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर बसायचे, एक शक्तीच्या बाजूचा, एक शिवाच्या, आणि सवालाला जवाब देता आला नाही की भर सभेत हार मानावी लागायची. आज पोरं बॅटल म्हणतात त्यात हेच चालतं.

हा तर आपलाच जिल्हा आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, जातीचा मान सोडून तमाशात गेले. काळू-बाळू कवलापूरचे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात, घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे सांगली वेगळी व्हायच्या आधी, सत्यशोधकांचे जलसे गावोगाव व्हायचे. त्यात सावकार आणि भटजीवर तोंडावर बोललं जायचं. तुमच्या पोराच्या हातात डफाऐवजी फोन आहे, एवढाच फरक मला दिसतो. एकदा त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐका आणि कळलं नाही ते त्यालाच विचारा.

यूट्यूबवरची फुकटची बीट वापरली तर चालेल का?

"फ्री" लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा अर्थ असतो की कमाई करायची नाही आणि बीटमेकरचं नाव द्यायचं. गाणं स्पॉटिफायवर टाकायचं असेल तर परवाना विकत घे. लीजवर घेतलेली बीट दुसऱ्यालाही मिळू शकते आणि ऐकण्याच्या संख्येला मर्यादा असते. एक्स्क्लुझिव्ह महाग, पण पुढं दुसऱ्या कुणाला विकली जात नाही. परवाना लेखी घे, निदान ईमेलवर. सगळ्यात उत्तम म्हणजे आपल्याच भागात बीट करणारी पोरं शोध आणि वाटा आधी ठरव. मिरजेत तानपुरे आणि सतार पिढ्यान्‌पिढ्या बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. परवानगी घेऊन तिथल्या एखाद्या कारागिराच्या दुकानात जुळणाऱ्या तारांचा आवाज टिपला, तर जगात कुणाकडं नसलेली बीट तयार होईल.

माझ्या गाण्याचा हक्क कुणाचा? नोंदणी करायला लागते का?

लिहिलंस त्या क्षणी शब्द तुझे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यात नोंदणी सक्तीची नाही. हक्क हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. कुणी "सही कर, आम्ही मोठं करतो" म्हणत कागद पुढं केला तर घरी आण, वकिलाला दाखव, मग सही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहीनं काढून घेता येत नाही. शब्द आणि चाल करणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासूनची. गाणी बाहेर पडायला लागली की सभासद हो. पोरं कपड्यांवर खर्च करतात आणि हा अर्ज भरत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पैसे येतात तरी कुठनं?

सुरुवातीला शोमधनं. गणपती, शिवजयंती, चौदा एप्रिल, एक ऑगस्ट, कॉलेजची गॅदरिंग, गावची जत्रा. अर्धे पैसे आधी घ्यायचे. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. त्यावर घर चालत नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद होतो, म्हणून जत्रेत आपला नंबर कितीला आहे ते संयोजकाला सकाळीच विचारून ठेव. उशीर झाला की पहिली काट रॅपवाल्याला लागते.

शिव्या चालतात का?

रागातनं आली तर चालते. भरती म्हणून नको. जातीवरनं आणि बाईवरनं दिलेली शिवी माझ्या खोलीत रेकॉर्ड होत नाही.

मी मुलगी आहे. सायफरला आले तर चालेल का?

ये. घरी उशीर होऊ नये म्हणून आम्ही सायफर, म्हणजे गोल करून पाळीपाळीनं रॅप करायची बैठक, संध्याकाळी लवकर, उजेडात करतो. मैत्रीण, भाऊ, आई, कुणालाही सोबत आण. कुणी काही बोललं तर तो जाईल, तू नाही. आणि सासर-माहेरच्या चौकटीतच लिहायला पाहिजे असं अजिबात नाही. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायांनी पावसापासून पंढरीपर्यंत सगळ्यावर रचलंय.

गांजा ओढल्याशिवाय सुचत नाही असं मोठे रॅपर म्हणतात.

माझ्या डोळ्यांसमोर चांगलं लिहिणारी पोरं त्यात गेली. सुचायचं थांबलं, मग यायचं थांबलं. यावर माझं दुसरं मत नाही.

सगळं संपवावंसं वाटतं. गाण्यातही मन लागत नाही.

मग आत्ता गाणं बाजूला ठेव. १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. फोन लावायला भीती वाटत असेल तर माझ्याकडं ये, मी शेजारी बसतो आणि आपण मिळून लावू. मित्राच्या ओळींत असलं काही सतत दिसायला लागलं तर "भारी लिहिलंस" म्हणून पुढं जाऊ नका. त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा की तुझ्या मनात खरंच असं येतंय का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

तुमच्याकडं रेकॉर्ड करायचे किती पैसे?

पहिल्या गाण्याचे काहीच नाही. येताना गाणं पाठ करून ये, बीटची फाईल एमपीथ्रीऐवजी वेव्हमध्ये आण आणि बीटमेकरची लेखी परवानगी फोनमध्ये असू दे. रविवारी गर्दी असते. शिफ्टमुळं दुसऱ्याच दिवशी जमत असेल तर आधी कळव, रात्रपाळीवाल्यांसाठी मी सकाळी लवकर खोली उघडतो.